नाताळपर्यंत

बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात असे म्हटले आहे की, शास्त्रातील कोणत्याही संदेशाचा उलगडा कोणाला स्वतःच्या कल्पनेने होत नाही. शब्बाथशाळेत असल्यापासून हे वचन माझ्या कानांवरून गेलेले असणार, पण ते मनात रुतून बसले ते २००४ सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी. उपासना संपली होती, चर्चच्या आवारात लोक नेहमीप्रमाणे एकमेकांची विचारपूस करत उभे होते, आणि मी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, हे वचन म्हणून दाखवले आणि "बाळ, या गोष्टींत आपण आपली बुद्धी चालवू नये," एवढे सांगून ते निघून गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला सांभाळून घ्यावे हाच त्यांचा हेतू होता, असे मला आजही वाटते. पण आपण विचारू नये ते विचारून बसलो, अशी खंत घेऊन मी त्या दिवशी घरी आले आणि पुढे कितीतरी वर्षे तो प्रश्न मी कोणापुढेही काढला नाही.

आदल्या वर्षी, २००३च्या फेब्रुवारीत, आमच्या भवानी पेठेतल्या घरी प्रार्थनासभा झाली होती. बाबांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले होते आणि डॉक्टरांनी बायपास सुचवली होती. सभेला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ डोळे मिटून ते उभे राहिले, आणि मग म्हणाले की, प्रभू मला दाखवत आहे, हिज्कीया राजाला दिली तशी पंधरा वर्षे त्याने या भावाला वाढवून दिली आहेत. याच्या छातीला सुरी लागणार नाही. नाताळपर्यंत हा भाऊ स्वतःच्या पायांनी चर्चच्या पायऱ्या चढेल. खोलीतल्या सगळ्यांनी आमेन म्हटले. मीही म्हटले. आईने आपल्या पवित्र शास्त्रात हिज्कीयाची गोष्ट असलेला, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढला, समासात पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख घातली आणि तिच्यापुढे एकच शब्द लिहिला, नाताळपर्यंत.

ऑपरेशन लांबणीवर पडले. एवढा स्पष्ट शब्द मिळाल्यावर दवाखान्याची वाट धरणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे आई म्हणाली, बाबाही म्हणाले, आणि बँकेत नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली मीही गप्प राहिले. २१ ऑक्टोबरच्या पहाटे बाबा गेले. ते उपदेशक पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. घरात कोणाच्या तरी मनात संशय होता, त्यामुळे आशीर्वाद अडला, असा त्यांचा निरोप मात्र डिसेंबरात तिसऱ्याच कोणाच्या तरी तोंडून आला. तो संशय आपलाच होता, असे आईने त्या क्षणी धरले. ऑगस्टमध्ये तिने बाबांना न सांगता डॉक्टरांना फोन करून ऑपरेशनला खर्च किती येईल एवढे विचारले होते. त्या एका फोनने आपण नवऱ्याचा जीव घेतला, ही समजूत तिने पुढची वीस वर्षे उराशी बाळगली.

मी त्या रविवारी विचारले होते ते इतकेच की, त्या उपदेशकांच्या तोंडून आलेला शब्द देवाचा होता का.

त्यावर मला मिळालेले वचन मी तेव्हा पुढे वाचले नाही, ही माझी चूक. वचने सुटी सुटी पाठ करण्याची आपल्याला लहानपणापासून सवय लागते, आणि सुटे वचन हातातल्या दगडासारखे असते. ते पायाखाली घालता येते तसेच फेकूनही मारता येते. त्याच्या लगेच पुढचे, एकविसावे वचन सांगते की, कोणताही संदेश माणसाच्या इच्छेने कधी आलेला नाही. देवाच्या आत्म्याने प्रेरित झालेली माणसे बोलली. म्हणजे पेत्राच्या पत्रातला मुद्दा ऐकणाऱ्याने काय विचारावे वा विचारू नये हा नाहीच. बोलणाऱ्याने स्वतःच्या मनातले देवाच्या नावावर खपवू नये, हा तो मुद्दा आहे. 'उलगडा' या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये जे नाम आहे ते सबंध नव्या करारात या एकाच ठिकाणी आलेले आहे, आणि 'स्वतःच्या' म्हणजे नक्की कोणाच्या, वाचणाऱ्याच्या की संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, यावर अभ्यासकांत फार जुना मतभेद आहे. मला पुढच्या वचनाच्या ओघात दुसरा अर्थ अधिक पटतो. तो खरा असेल तर ज्या वचनाने मला गप्प केले, ते खरे पाहता आमच्या घरात येऊन बोललेल्या माणसाला लागू होत होते.

हिज्कीयाची गोष्टही आम्हाला अर्धीच सांगितली गेली होती. यशयाच्या त्या अध्यायात पहिला संदेश अगदी उलटा आहे: आपल्या घराची व्यवस्था लाव, कारण तू मरणार, जगणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो आणि मग पंधरा वर्षांचे वचन येते. म्हणजे त्याच संदेष्ट्याच्या तोंडून, त्याच देवाच्या नावाने आलेला पहिला शब्द बदललेला आहे. आणि अध्यायाच्या शेवटाकडे, एकविसाव्या वचनात, यशया अंजिरांची ढेप आणायला सांगतो आणि ती राजाच्या गळवावर बांधायला लावतो. वचन मिळाल्यानंतरही औषध आहे, लेप आहे, पट्टी आहे. पुरंदरच्या अंजिरांच्या पाट्या मंडईत दिसल्या की ही ओळ मला दर वर्षी आठवते, आणि ती त्या फेब्रुवारीत कोणी वाचून दाखवली असती तर, हा विचार मला अजून टाळता येत नाही.

यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाकडे मी फार उशिरा, २०११ सालच्या पावसाळ्यात वळले. रोज तीन अध्याय या हिशेबाने सबंध पवित्र शास्त्र वाचून काढायचे असे मी त्या वर्षी ठरवले होते, आणि मोठ्या संदेष्ट्यांपाशी आल्यावर माझा वेग अगदी मंदावला होता. एकोणतिसाव्या अध्यायात अठराव्या वचनापाशी मी थांबले ती धर्माच्या कारणाने नव्हे, आजोबांच्या आठवणीने. तिथे देव यहेज्केलाला सांगतो की, बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्रेस्सर याने सोर या नगराविरुद्ध आपल्या सैन्याकडून भारी मेहनत करून घेतली. प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडले, प्रत्येकाचा खांदा सोलून निघाला. पण त्या मेहनतीचे सोराकडून ना राजाला काही वेतन मिळाले, ना सैन्याला.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातून पुण्यात आले आणि भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हमाल झाले. बाजार तिथून मार्केट यार्डात गेला तेव्हा तेही तिकडे जाऊ लागले. त्या काळी ज्वारीचे आणि साखरेचे पोते शंभर किलोचे असे. आजोबांच्या टाळूवर, चुंबळ बसायची तेवढ्या गोलात, केस नव्हते. भोवती दाट पांढरे केस आणि मध्ये वाटीएवढी गुळगुळीत जागा. उजव्या खांद्यावर मानेच्या कडेला घट्टा होता, आणि उन्हाळ्यात तो घामाने भिजून उलला की आजी त्यावर रात्री खोबरेल लावत असे. त्या घट्ट्याला हात लावून बघायला मला लहानपणी फार आवडायचे, कारण तो माणसाच्या कातडीसारखा लागतच नसे, जुन्या चपलेच्या टाचेसारखा लागे. 'माथाडी' हा शब्द कुठून आला, ते मला कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल यांच्यासाठी कायदा केला, त्याच्या आधीचे दिवस आजोबांनी पाहिले होते आणि दिवसभर ओझे वाहून हमाली बुडाल्याची संध्याकाळही त्यांना चांगली ठाऊक होती. तेव्हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका परक्या, मूर्तिपूजक फौजेतल्या शिपायांच्या टकलांची आणि सोललेल्या खांद्यांची दखल देव घेतो, त्यांची मजुरी राहिली म्हणून हळहळतो आणि ती दुसरीकडून चुकती करीन म्हणतो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक तसेच मांडीवर ठेवून बसले.

मग लक्षात आले की, ही मजुरी बुडायलाच नको होती.

कारण तीनच अध्याय मागे, सव्विसाव्यात, याच यहेज्केलाने याच सोराविषयी सांगितले होते की, नबुखद्रेस्सर उत्तरेकडून येईल, तटांना धडका देईल, घोड्यांच्या खुरांखाली रस्ते तुडवील. संपत्तीची लूट होईल. नगर उघडा खडक होईल, जाळी पसरण्याची जागा होईल आणि ते पुन्हा कधी बांधले जाणार नाही. यहेज्केल आपल्या संदेशांवर तारखा घालतो, हा त्याचा विशेष. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यहोयाखीन राजाबरोबर बाबेलात नेलेल्या लोकांत तो होता आणि त्याच्या वर्षांची मोजदाद त्या हद्दपारीपासून चालते. सोराविषयीचा संदेश अकराव्या वर्षाचा आहे. मजुरी न मिळाल्याचा संदेश सत्ताविसाव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवसाचा, म्हणजे इ.स.पू. ५७१चा आहे, आणि त्याच्या पुस्तकात त्याच्यानंतरची तारीख दुसरी नाही. या दोहोंच्या मध्ये सोळा वर्षे गेली. सोर हे किनाऱ्यालगतच्या बेटावरचे नगर होते आणि त्याच्याकडे जहाजे होती. नबुखद्रेस्सराचा वेढा तेरा वर्षे चालला असे योसेफस हा ज्यू इतिहासकार सांगतो. वेढ्याच्या शेवटी सोराने बाबेलचे वर्चस्व मान्य केले, पण तट फोडून लुटालूट झाली नाही, नगर समुद्रात गेले नाही. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव घालून सात महिन्यांत ते जिंकले. तो भराव वाळूने रुंदावत गेला आणि बेट कायमचे जमिनीला जोडले गेले. आजही लेबनॉनच्या किनाऱ्यावर ते नगर आहे, लोक त्याला सूर म्हणतात, तिथल्या बंदरात मासेमारीच्या होड्या लागतात, आणि त्याचे जुने अवशेष १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

याची उत्तरे मी मिळतील तितकी वाचली. एक उत्तर असे की, सव्विसाव्या अध्यायात 'पुष्कळ राष्ट्रे' लाटांसारखी येतील असे आधीच म्हटले आहे आणि बाराव्या वचनात 'तो' जाऊन 'ते' आले आहेत, म्हणून तिथून पुढचा भाग सिकंदराला लागू होतो. शिवाय धोंडे, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील हे शब्द भरावाशी फार जुळतात. हे जुळणे मलाही थक्क करते. पण सातव्या वचनात नबुखद्रेस्सराचे नाव स्पष्ट घेतलेले आहे आणि नगर पुन्हा उभे राहिले, या दोन गोष्टी त्या उत्तरात नीट बसत नाहीत. दुसरे उत्तर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेते: राष्ट्राने वाईट मार्ग सोडला तर देवही आपला बेत बदलतो. पश्चात्ताप केलेल्या निनवे नगराच्या बाबतीत तसे झाले. मीखा संदेष्ट्याने सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल असे सांगितले होते. ते तेव्हा घडले नाही आणि शंभर वर्षांनी यिर्मयाच्या खटल्यात वडील मंडळींनी मीखाचे तेच शब्द आदराने उद्धृत केले, त्याला खोटा म्हटले नाही. पण सोराने पश्चात्ताप केल्याचे कुठे लिहिलेले नाही. तिसरे उत्तर, की नगराच्या नाशाचे वर्णन करण्याची त्या काळची एक ठरलेली भाषा होती आणि ती फूटपट्टी लावून मोजू नये, हे मला त्यातल्या त्यात जवळचे वाटते. तरीही कोणत्याच उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले नाही, आणि मजुरीच्या बदल्यात मिळणार असलेल्या मिसर देशाचेही, म्हणजे इजिप्तचेही, तसेच, इ.स.पू. ५६८च्या सुमारास नबुखद्रेस्सराने तिकडे स्वारी केल्याचा त्रोटक बाबेली लेख आहे, पण मिसर चाळीस वर्षे ओसाड पडल्याचा दाखला नाही.

मला धरून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. यहेज्केलाला गप्प बसता आले असते. सोळा वर्षांत त्याचे ऐकणारे म्हातारे झाले होते, काही मेले होते. जुना संदेश कोणाला आठवला असता आणि आठवला तरी कोणी विचारले असते? 'दिवस लांबत चालले आणि प्रत्येक दृष्टांत फोल ठरतो' अशी म्हण लोकांत पडली होती, ती त्यानेच बाराव्या अध्यायात नोंदवून ठेवली आहे, म्हणजे आपल्यामागे लोक काय बोलतात हे त्याला माहीत होते. तरीही तो परत आला. वर्ष, महिना, दिवस घालून त्याने सांगितले की, सोराकडून काहीही हाती लागले नाही. लोकांचा संशय आड आला, असे त्याने म्हटले नाही. आणि ज्यांनी पुढे त्याचे पुस्तक जुळवले, नकलून नकलून जपले, त्यांनीही सव्विसावा अध्याय वगळला नाही की एकोणतिसावा झाकला नाही. दोन्ही एकाच पुस्तकात, चार पानांच्या अंतरावर, कोणीही यावे आणि वाचावे असे ठेवले. या लोकांना शास्त्राविषयी आपल्यापेक्षा कमी आदर होता, असे कोण म्हणेल?

मी ज्याची वाट पाहत होते ते मला इथे मिळाले. बाबांच्या मृत्यूनंतर त्या उपदेशकांनी आमच्या दारात यावे, एवढेच आम्हाला हवे होते. "ताई, मी सांगितले तसे झाले नाही," हे वाक्य त्यांनी आईसमोर बसून उच्चारले असते, तर आई त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली असती, हे मला तिच्या स्वभावावरून ठाऊक आहे.

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात माझा प्रश्न जवळजवळ माझ्याच शब्दांत आहे, हे त्यानंतर सापडले. एकविसावे वचन: जो संदेश परमेश्वराने दिला नाही तो आम्ही कसा ओळखावा, असे तू आपल्या मनात म्हणशील. म्हणशील, असे आहे. म्हणालास तर तुला शिक्षा होईल, असे नाही. प्रश्न पडणारच हे गृहीत धरून मोशे त्याचे उत्तर देतो: संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडून आले नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हे, तो संदेष्टा उन्मत्तपणे बोलला, त्याला तू भिऊ नकोस. मी हा परिच्छेद पूर्वी वाचला होता, पण शेवटचे तीन शब्द मला कधी दिसलेच नव्हते. पुण्यात रिक्षांच्या मागे, दुकानांच्या पाट्यांवर 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हे स्वामी समर्थांचे शब्द आपण रोज पाहतो आणि त्यांनी किती जणांना धीर दिला असेल ते तेच जाणोत. इथले 'भिऊ नकोस' मात्र एका ठरावीक माणसाला उद्देशून आहे: देवाचे नाव घेऊन तुला धाक घालणाऱ्याला भिऊ नकोस. हे वाचताना मला पहिल्यांदा कळले की, आईच्या अपराधीपणाच्या तळाशी भीती होती. आपण प्रश्न विचारला तर आणखी काही घडेल, मुलांवर येईल, ही भीती.

याच पुस्तकाला मराठीत अनुवाद म्हणतात, आणि पवित्र शास्त्राचा अनुवाद म्हटले की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढणारी ही विदुषी पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेते, आणि घेतल्यानंतर तिथल्या मठातल्या भगिनींशी आणि धर्मगुरूंशी पत्रापत्री करत एकेक सिद्धान्त तपासत राहते. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता धर्मगुरू सांगतील ते सगळे देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. त्याच बाईंनी केडगावला उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला तो ते काम हातावेगळे करूनच. प्रश्न विचारणाऱ्या माणसाची श्रद्धा कच्ची असते, हे मला कोणी सांगू लागले की मी मनात केडगावच्या छापखान्यातली त्या भाषांतराची मुद्रिते आठवते.

तरी एका बाबतीत मला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागला. त्या दिवशी मी आमेन म्हटले होते. मला मनातून शंका होती, आणि तरी म्हटले होते. मग मी खोटी वागले का? यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय या जागी माझ्या उपयोगी पडला. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत असतो, बाबेलची सत्ता सोसावी लागेल याची खूण म्हणून. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की, दोन वर्षांत देव बाबेलचे जू मोडील, मंदिराची पात्रे आणि बंदिवान परत येतील. त्यावर यिर्मयाचा पहिला शब्द आहे, आमेन. परमेश्वर तसे करो. त्यालाही तेच हवे होते. आपले संदेश खोटे ठरावेत आणि हनन्याचे खरे व्हावेत, असे त्याला मनापासून वाटले असले पाहिजे. पण त्याने आमेनच्या पुढे 'तरी' जोडले: तरी ऐक, जो शांतीचा संदेश देतो त्याचा शब्द खरा ठरल्यावरच तो देवाने पाठवला हे कळते. हनन्या चिडून त्याच्या मानेवरचे जू काढून मोडतो, आणि मग एक वाक्य येते जे मला सगळ्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत अत्यंत खरे वाटते: यिर्मया संदेष्टा आपल्या वाटेने निघून गेला. त्याच्याकडे त्या घटकेला उत्तर नव्हते. देवाकडून काही आले नव्हते, म्हणून तो काही बोलला नाही. आमच्या खोलीत आमेन होते. 'तरी' म्हणणारा कोणी नव्हता, आणि ते मी म्हणायला हवे होते, हे मी आता कोणावर न ढकलता मान्य करते.

थेस्सलनीका नगरातल्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. ही तीनही वाक्ये एका दमात आलेली आहेत. माझ्या ओळखीत पहिले वाक्य तेवढे पाळणारे लोक आहेत आणि दुसरे तेवढे पाळणारेही आहेत. दोन्ही एकत्र पाळणे कठीण जाते, मलाही जाते. बाबांनंतर कित्येक वर्षे कोणी 'प्रभूने मला दाखवले' म्हणाले की माझे कान आपोआप मिटत. त्यात चांगलेही काही माझ्या हातून निसटले असेल.

सोराचे नाव नव्या करारात पुन्हा येते. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात पौलाचे जहाज माल उतरवायला सोरात लागते, म्हणजे पुन्हा कधी बांधले जाणार नाही असे सांगितलेल्या नगरातच, आणि तिथल्या शिष्यांकडे तो सात दिवस राहतो. ते शिष्य त्याला 'आत्म्याच्या द्वारे' सांगतात की, यरुशलेमेस जाऊ नकोस. पौल जातो. आत्म्याने सांगितलेले त्याने ऐकले नाही, असे ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने शांतपणे लिहून ठेवले आहे, आणि कोण बरोबर होते ते सांगितलेले नाही. निघायच्या दिवशी सोरातले सगळे लोक बायकामुलांसह त्याला नगराबाहेर पोहोचवायला जातात. किनाऱ्यावर गुडघे टेकून सगळे मिळून प्रार्थना करतात. मग तो जहाजात चढतो आणि ते घरी परततात. आपला संदेश मानला नाही म्हणून त्यांनी त्याला वाळीत टाकले नाही, त्याच्या पुढच्या संकटांना त्याची अश्रद्धा कारण झाली असा निरोपही पाठवला नाही. त्या वाळूवर आमच्या आईला एक जागा मिळाली असती, असे मला फार वाटते.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि माझ्याकडे वानवडीला असते. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री मी वाचते आणि ती ऐकते. गेल्या नाताळच्या आधी एका रात्री मी तिचेच पवित्र शास्त्र उघडले, तपकिरी रेक्झिनचे, कडेला चिकटपट्टी लावलेले, आणि तिला न सांगता अनुवादाचा अठरावा अध्याय काढला. बाविसावे वचन संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी वाचले. "नुसतं शेवटचं." त्याला तू भिऊ नकोस, असे मी वाचले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्या माणसाला अजून भिते गं." मग मी तिला यहेज्केलाचे दोन्ही अध्याय वाचून दाखवले, आणि सोललेल्या खांद्यापाशी आल्यावर तीच मध्ये म्हणाली, "मामंजींसारखं." सोळा वर्षांचा हिशेब मी तिला बोटांवर मोजून सांगितला. तिने विचारले, "त्यानं दोन्ही ठेवलं?" मी म्हटले, "दोन्ही."

तिने यशया काढायला सांगितला. अडतिसाव्या अध्यायाच्या समासात ती तारीख आणि तो शब्द अजून होता, पेन्सिल फिकट झालेली, आईचे त्या वेळचे ठाम, तिरपे अक्षर. मी विचारले, "खोडून टाकू का?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे. त्याच्याखाली ह्यांची तारीख घाल."

मी बाजूला पडलेल्या पेन्सिलीने २१ ऑक्टोबर २००३ असे लिहिले. आईने भिंग मागून घेतले, पान डोळ्यांपाशी नेले आणि बराच वेळ त्या दोन ओळींवरून फिरवले. "हे पेनानं लिही," ती म्हणाली. मी पर्समधले निळे पेन काढले आणि त्याच आकड्यांवरून, एकेक करत, पुन्हा हात फिरवला.